नाव खाली नाय, बाजूला

मास्तरांच्या डोक्यावर टोपी असली की त्यांच्याशी वाद घालायचा नाही, हा आमच्या तालमीतला पहिला नियम. तो त्यांनीच केलेला. टोपी म्हणजे बँडवाल्यांची, लाल, पुढे काळी चकचकीत झडप असलेली. ती काढून गुडघ्यावर ठेवली की मास्तर साधे गृहस्थ व्हायचे. मग त्यांना कोणीही काहीही बोलावं, ते हसून ऐकून घ्यायचे. टोपी पुन्हा चढली की संपलं. मे महिन्यात महाडच्या शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमच्या अंगाची लाही व्हायची आणि हे गृहस्थ पायजम्यावर बँडचा लाल कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, निदान कोट तरी काढा." तर म्हणाले, "तुमी हापिसात उघडे बसता काय?"

हापिसात मी उघडा बसत नाही. मी पंचायत समितीत कारकून आहे, आणि फावल्या वेळात संगीतकार. म्हणजे मी स्वतःला तसं म्हणवून घेतो. मला चाली सुचतात आणि, खोटं कशाला बोलू, बऱ्या सुचतात. पण पेटीवर माझी चार बोटं चालतात, त्यापुढे विद्या संपली. सुचलेली चाल मोबाइलमध्ये गुणगुणायची आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं, एवढंच माझं संगीत दिग्दर्शन. आमच्या हौशी नाट्यमंडळानं संगीत नाटकांच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा या विद्येचं बिंग फुटायची वेळ आली. डोंगरावरच्या एका वाडीत पहिली एसटी येते, तिची गोष्ट होती. गाणी अकरा, आणि अकराच्या अकरा चाली माझ्या. वाजवायला मात्र एक कीबोर्डवाला, बस्स. मग कोणीतरी म्हणालं, पोलादपूरकडचे ते बँडमास्तर आहेत, त्यांना विचारून बघा.

मास्तर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट जिथे सुरू होतो तिथल्या बौद्धवाडीत राहायचे. चाळीस वर्षं लग्नाचा बँड चालवलेला माणूस. मार्चात चवदार तळ्यावर लोक जमतात त्या दिवसांत कितीही बड्या घरचं लग्न असो, मास्तर सुपारी घ्यायचे नाहीत. त्यांची पार्टी तळ्यावर वाजायची. आमच्या हॉलवर आले ते सरळ खुर्चीत बसले आणि माझा मोबाइल, फोनवर बोलतात तसा कानाला लावून, अकरा गाणी ऐकली. एकेक गाणं तीनतीनदा. आम्ही सगळे ताटकळत. शेवटी टोपी काढली.

"चाली चांगल्या हायत," ते म्हणाले. "पण नवरीला एकटीलाच मांडवात पाठवलीय तुमी. वऱ्हाड कुठं हाय?"

वऱ्हाड ते घेऊन आले. दोन क्लॅरोनेट, एक ट्रंपेट, एक युफोनियम म्हणजे ते मांडीवर घेऊन बसायचं जाड आवाजाचं पितळी वाद्य, सनई, ढोलकी, साइड ड्रम आणि झांज. आठ माणसं. कीबोर्डवाल्याला दुसऱ्याच दिवशी नारळ मिळाला. त्याचा गुन्हा एवढाच की तो सगळीकडे वाजवायचा. "भात शिजायच्या आधीपासून झाकण वाजवतोय हा," मास्तर म्हणाले. वाजवण्याइतकंच गप्प बसणंही ते शिकवायचे. एका गाण्यात झांजवाल्यानं पूर्ण गाणंभर हात आवरून बसायचं आणि अगदी शेवटी एकच झांज द्यायची. बिचारा कुरकुरला, "मास्तर, एकदाच?"

"एकदाच. त्याच्यासाठीच तुला वरंधवरनं बोलावलाय. झोपू नको."

त्यांची शिकवायची तऱ्हा मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. हॉलच्या भिंतीला त्यांनी आठ खिळे मारून घेतले आणि त्यांवर आठ पाट्या टांगल्या. शाळेतल्या मुलांच्या पाट्या. प्रत्येक वाजवणाऱ्याचा वाटा त्याच्या पाटीवर खडूनं लिहायचा, तोही त्यांच्या स्वतःच्या खुणांनी: उभ्या रेघा, टिंबं, कुठे एखादं शेपूट, आणि गप्प बसायचं तिथे भाकरीएवढं वाटोळं. मग ज्यानं त्यानं आपला वाटा आधी तोंडानं म्हणून दाखवायचा. ढोलकीवाल्यानंसुद्धा. "तोंडानं येत नाय ते हातानं काय येनार?" तोंडानं बिनचूक आलं की मास्तर ओलं फडकं घेऊन उठायचे आणि पाटी स्वच्छ पुसून टाकायचे.

"अहो, वहीत उतरवून तरी घ्या," मी कळवळून म्हणायचो.

"पाटीवर हाय तोवर डोक्यात जात नाय," हे ठरलेलं उत्तर. मोबाइलमध्ये माझी प्रत्येक चाल तारखेसकट शाबूत होती. त्यांचं काम मात्र रविवारी दुपारी लिहिलं जायचं आणि संध्याकाळच्या आत पुसलं जायचं. याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता, पण मी माझ्याच गाण्यांच्या प्रेमात होतो.

नाटकातलं मुख्य गाणं घाटाचं. पहिली एसटी घाट चढते आणि वरून वाडीतली माणसं गातात. मी त्याची चाल चढत चढत नेली होती, शेवटच्या ओळीला गाणाऱ्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. मला तो माझा पराक्रम वाटायचा. मास्तरांनी ते गाणं ऐकलं, टोपी काढली, कोटाची वरची दोन बटणं सोडली. हे फार गंभीर लक्षण. "चला," म्हणाले. पोलादपूरला जाऊन आम्ही महाबळेश्वरकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांनी एका बाईंना हात जोडून, चक्क विनवणी करून मिळवली.

आंबेनळीचा चढ सुरू झाला तसे त्यांनी डोळे मिटले. पुढच्या दांड्यावर बोटं चालू. "ऐका," म्हणाले. "गाडी वर चाललीय. पण इंजिनाचा आवाज काय करतोय?"

मी कान दिला. आवाज खाली खाली बसत चालला होता, धापा टाकत. मग ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि तो एकदम वर उसळला, आणि पुन्हा बसायला लागला.

"बगा. चढाला दम लागतो. तुमचा घाट नुसता वर जातो, त्याला दम लागतच नाय. मानूस डोंगर चढतो तवा असा गातो काय?"

"मग चाल बदलू?" मी जरा तुसडेपणानंच विचारलं.

ते डोळे उघडून माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या ताटातलं उचललं होतं. "चालीला हात लावायचा नाय. चाल तुमची. तिच्या पायाखालचा रस्ता माझा."

आणि त्यांनी तो रस्ता बांधला. गाणारे वर चढायचे, त्यांच्याखाली युफोनियम पायरी पायरीनं खाली उतरायचं. वळणावर साइड ड्रम खडखडायचा, गिअर पडायचा, आणि दोन क्लॅरोनेट सगळ्यांना उचलून पुढच्या वळणावर नेऊन ठेवायचे. मध्ये सनईचा एक तुकडा होता, जेमतेम आठ मात्रांचा, एसटीच्या हॉर्नसारखा लाडिक. माझ्या चालीचा एक सूर इकडचा तिकडे झालेला नव्हता. पहिल्यांदा सगळं एकत्र वाजलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्याच क्षणी पोटात मत्सर उठला. ही दोन्ही माझीच मुलं, मी एकालाही नाकारत नाही.

मत्सराला पुढे खतपाणीही मिळालं. महाडात प्रयोग झाला आणि आठवडाभर गावात लोक ते गाणं गुणगुणत होते. पानवाला, आमच्या हापिसातला शिपाई, अगदी आमची हीसुद्धा भाजी चिरताना. पण गुणगुणत काय होते? सनईचा तो तुकडा! माझ्या चालीचा पत्ताच नाही.

प्राथमिक फेरीच्या पत्रकावर छापलं होतं: 'संगीत', आणि पुढे माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, आणि कंसात बी.कॉम. मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. प्रवेशिकेत संगीताला एकच रकाना होता, असं मी स्वतःला समजावलं. रकाना एक होता हे खरं. पण पत्रक तर आमचं आम्हीच छापलं होतं. संगीताचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांनी वाचून दाखवलं, "घाटाच्या गाण्यातील वाद्यांची योजना विशेष उल्लेखनीय." मी स्टेजवर गेलो, बक्षीस घेतलं, आईवडिलांचे आभार मानले, नाट्यमंडळाचे मानले, प्रकाशयोजनेवाल्याचेसुद्धा मानले. खाली तिसऱ्या रांगेत लाल कोट बसलेला मला दिसत होता. मी त्या दिशेला बघितलं नाही.

पुढच्या रविवारी मास्तर वेळेवर हजर. नेहमीसारखे पाट्यांवर खडू चालवायला लागले. मलाच राहवेना. मी म्हटलं, "मास्तर, अंतिम फेरीच्या पत्रकात तुमचं नाव घालू. माझ्या खाली. संगीत साहाय्य म्हणून."

त्यांनी टोपी काढली, म्हणजे बोलायची परवानगी दोन्ही बाजूंना. "खाली नको," म्हणाले.

"मग?"

"बाजूला लावायचं तर लावा. खाली लावायचं तर नको. मी साहाय्य करत नाय कोनाला. माझं मी काम करतो." आणि टोपी चढवून ढोलकीवाल्यावर ओरडले, "तोंडानं म्हन रे!"

बाजूला! एका ओळीत? माझ्या मनाला ते पटेना. चाल म्हणजे गाणं, बाकी सजावट, असंच आपण शिकलेलो. शिवाय, आता कबूल करतो, बँड वाजवणाऱ्या माणसाचं नाव माझ्या मापाच्या अक्षरांत छापायचं हे मला जड गेलं. मी विषय तसाच सोडला.

विषयानं मला सोडलं नाही. आमच्या तालमीचा कोणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरायला लागला. त्यात मास्तर टोपी घालून आठ जणांना वाजवायला लावतायत, आणि मागे खुर्चीत मी चहात खारी बुडवतोय. भरीत भर, चित्रण करणारा सनईवाल्याला विचारतो, "कुणाचं हे सगळं?" आणि तो छाती काढून सांगतो, "आमच्या मास्तरांचं!" सनईवाल्याचा काही दोष नव्हता. लग्नात कोणी विचारलं की बँडवाला मास्तरांचंच नाव सांगतो, चाळीस वर्षांची सवय. पण दुसऱ्या एका मंडळानं तेवढं धरून स्पर्धेच्या आयोजकांकडे तक्रार केली: संगीतकार म्हणून नाव लावलेल्या माणसानं संगीत केलेलंच नाही, सबब बक्षीस काढून घ्यावं आणि नाटक अंतिम फेरीतून बाद करावं.

माझी झोप उडाली. आणि डोक्यात पहिला विचार काय आला? मास्तरांनीच हे करवलं. तडक त्यांच्या वाडीत गेलो. ते ओट्यावर ट्रंपेट चिंचेनं घासत बसले होते. मी जे बोलायचं ते बोललो. पाहुणा म्हणून पाणी पुढे आलं होतं, तेही घेतलं नाही.

मास्तरांनी ट्रंपेट खाली ठेवलं. "तक्रार करायची असती तर तुमच्या तोंडावर केली असती. मला लिवता येतं. पन पाठीमागून नाय लिवत." आतून त्यांची बायको बाहेर आली नि म्हणाली, "अवो, पानी तरी घ्या. उन्हाचं आलाव." मी पाणी प्यायलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चौकशीला तीन जणांची समिती महाडात आली, आमच्याच त्या पत्र्याच्या हॉलमध्ये बसली. अध्यक्ष एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, जन्म गाणं शिकवण्यात गेलेला. नाट्यमंडळातली सगळी माणसं भिंतीला चिकटून उभी. अंतिम फेरी दहा दिवसांवर आलेली. मास्तर आठ जणांना घेऊन आले होते, टोपी डोक्यावर.

बाईंनी मला विचारलं, मी मोबाइलमधल्या चाली ऐकवल्या. मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तुमच्याकडे लिहिलेलं काही आहे?"

"होतं. पुसलं."

"मास्तर, मी स्पष्टच विचारते. हे सगळं तुमचं असेल तर आज सांगा. तुमच्यावर अन्याय झाला असेल तर आम्ही तो दूर करू."

ते 'हो' म्हणाले असते तर व्हिडिओ त्यांच्या बाजूनं होता, आठ साक्षीदार त्यांचे होते, आणि राग धरायला कारण तर मीच दिलेलं होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"चाली माझ्या नायत," मास्तर म्हणाले. "मला सुचत नायत. चाळीस वर्सं दुसऱ्यांची गानी वाजवली, बाई. एक चाल सुचंल म्हनून वाट बघितली. नाय सुचली. ह्यांना सुचतात." मग माझ्याकडे बोट केलं. "घाटाचं गानं म्हना. नुसतं."

मी म्हटलं. कापऱ्या आवाजात, साथीशिवाय. संपल्यावर बाईंनी मान हलवली, बरं आहे अशा अर्थानं.

"आता आमी वाजवतो. ह्यांची चाल सोडून."

आठ जणांनी वाजवायला घेतलं. युफोनियम पायऱ्या उतरत होतं, कोण चढतंय ते कळत नव्हतं. क्लॅरोनेट कोणाला तरी उचलत होते, पण उचलायला कोणी नव्हतं. मध्येच लांबच लांब शांतता, मग सनई कुणाला तरी उत्तर देते, प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. समितीतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

"बाई, कुठलं गानं हे?"

"काही कळत नाही बुवा," बाई हसून म्हणाल्या.

"कसं कळंल? वऱ्हाड हाय आनि नवरा-नवरी नाय. आनि ह्यांनी म्हटलं त्यात नवरा-नवरी व्हती, वऱ्हाड नव्हतं. पळून जाऊन केल्यासारकं." बाई खळखळून हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हात वर केला. "आता दोनी."

मी ते गाणं शेकडो वेळा गायलो असेन, पण त्या सकाळसारखं कधीच नाही. पहिल्याच वळणाला माझ्या आवाजातला कंप गेला. भिंतीला चिकटलेली आमची माणसं एकेक करून गायला लागली, शेवटच्या चढाला सगळा हॉल गात होता आणि पत्रे थरथरत होते. संपल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला.

मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, मास्तरांचं नाव मी गाळलं. रकान्यानं नाही, मी. चूक माझी आहे. नाटकाला शिक्षा करू नका."

"मग आता नाव कसं लावायचं?" त्यांनी विचारलं.

या वेळी उत्तर मीच दिलं. "बाजूला. एका ओळीत, एका मापात."

समितीनं तक्रार फेटाळली आणि प्रवेशिकेवर दुसरं नाव लाल शाईनं चढवून खाली तिघांनी सह्या केल्या. छापखान्यात नवी अडचण. दोन नावं एका ओळीत मावेनात. छापणारा म्हणाला, "एक नाव खालच्या ओळीत घेतो की." मी म्हटलं, खबरदार! आधी माझं बी.कॉम. उडवलं. तरी मावेना. मग वडलांचं नाव उडवलं. वडील वर असतील तिथे हसले असतील. 'संगीत' पुढे माझं नुसतं नाव-आडनाव, आणि त्याच्या शेजारी, त्याच ठशात, 'वाद्यसंयोजन' आणि मास्तरांचं नाव. पत्रक हातात घेऊन मास्तरांनी ते फूटपट्टीनं मोजलं. खरोखर मोजलं. मग म्हणाले, "बरोबर हाय," आणि घडी घालून कोटाच्या आत ठेवलं.

अंतिम फेरीत आम्हाला वेळेचे दोन गुण कापले गेले, आणि तरीही संगीताचं पहिलं बक्षीस आमचंच. दोन नावांनी. ते दोन गुण का कापले गेले हे मात्र सांगायलाच हवं, कारण आमच्या मंडळाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा मान आहे असं मी मानतो.

पडद्याआधी सूत्रसंचालकानं श्रेयनामावली वाचली. माझं नाव आलं, रीतसर टाळ्या. मग मास्तरांचं आलं आणि पोलादपूर-महाडहून आलेल्या दोन गाड्यांतली माणसं उभी राहिली. शिट्ट्या, आरोळ्या, थांबायचं नावच घेईनात. मीही विंगेत उभा राहून टाळ्या पिटत होतो, हात लाल होईपर्यंत. मास्तर वादकांच्या जागेवरून उठले, सरळ सूत्रसंचालकाकडे गेले आणि त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"अजून हायत," ते म्हणाले. "युफोनियम, गनपत, गाव लोहारे. क्लॅरोनेट, काशिनाथ आनि त्याचा भाऊ तुकाराम, गाव कापडे. झांज, दगडू, गाव वरंध. ह्यो एकदाच वाजवतो, ध्यान देऊन ऐका." सूत्रसंचालक घड्याळाकडे बोट दाखवून हातवारे करत होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि आठही नावं गावांसकट पूर्ण केली. प्रत्येक नावाला एकेक माणूस उभा राहिला, टाळ्या घेतल्या आणि बसला.

सनईवाला शेवटचा. उभा जन्म लोकांच्या दारात वाजवत आलेल्या त्या म्हाताऱ्याचं नाव माइकवरून पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं. तो उठला आणि तसाच उभा राहिला, सनई छातीशी धरून, भरल्या सभागृहाकडे बघत. बसेचना. टाळ्या वाढत चालल्या, सूत्रसंचालकानं कपाळाला हात लावला, वर पडदा ओढणारा दोरी धरून खोळंबला.

मास्तर त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, खांद्याला धरून बसवतील. त्यांनी माइक बाजूला केला आणि स्वतःही त्याच्याशेजारी उभे राहिले.

"ऱ्हा हुबा," ते म्हणाले. "ऐकून घे आधी. मंग वाजवू."